'सिक्युअर म्हणजे किती घट्ट?'

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत स्मृति नगर, भिलाई येथे दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मी कोणत्या विषयावर बोलणार, असे संयोजकांनी विचारले तेव्हा मी एका शब्दात उत्तर दिले : चेकलिस्ट. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. अशा प्रसंगी वक्ते मातृभाषेविषयी बोलतात, गुरुजनांच्या आठवणी सांगतात, संस्कारांचे महत्त्व विशद करतात. या सर्वांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु माझे सारे आयुष्य पोलाद कारखान्याच्या देखभाल विभागात गेले. ज्याला जे थोडेफार कळते, त्याने त्याविषयीच बोलावे, हे बरे. शिवाय आजचा विषय वरवर रुक्ष वाटला, तरी तो फिरून मातृभाषेपाशी आणि शाळेपाशीच येऊन पोहोचतो, असा माझा अनुभव आहे. तो अनुभव सांगण्यापूर्वी एक कबुली देणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका शहरात शालेय विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा होती. निवृत्त अभियंता म्हणून मला तपासनीस म्हणून बोलावले होते. स्पर्धेत उतरण्यापूर्वी प्रत्येक यंत्रमानवाची तपासणी होते : माप, वजन, बॅटरी, तारा, स्विच. त्यासाठी आमच्या हाती इंग्रजीत छापलेला एक कागद दिला होता. त्यावर तीसहून अधिक ओळी होत्या. त्यांतील एका ओळीचा आशय असा होता की, वायरिंग 'सिक्युअर' आणि सुरक्षित असावे.

माझ्या टेबलावर नववीतील एक मुलगी तिच्या दोन मित्रांसह यंत्रमानव घेऊन आली. घरी मराठी बोलणारी, बाहेर हिंदीत वावरणारी, आपल्यांपैकीच एक. मी तारा पाहिल्या. त्या मला सैल वाटल्या. मी त्या ओळीपुढे फुली मारली आणि म्हणालो, "हे सिक्युअर नाही, नीट करून आण." तिने शांतपणे विचारले, "काका, सिक्युअर म्हणजे नेमकं किती घट्ट?"

मी म्हणालो, "अगं, नीट बांध म्हणजे झालं." ती गेली. चिकटपट्टी लावून परत आली, तोवर मी चहाला उठलो होतो. माझ्या जागी बसलेल्या सहकाऱ्यांना तारा पसंत पडल्या. मात्र स्विच 'सहज पोहोचता येण्याजोगा' वाटला नाही, म्हणून त्यांनी दुसरी फुली मारली. तिसऱ्यांदा ती आली, तेव्हा फेरी संपली होती. तिचा यंत्रमानव त्या दिवशी एक फूटही चालला नाही. सायंकाळी बक्षीस मिळालेला यंत्रमानव मी कुतूहलाने जवळून पाहिला. त्याची एक तार वीतभर लोंबत होती. तो शेजारच्या टेबलावरून संमत झाला होता.

निघताना ती मुलगी आपला यंत्रमानव पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवत होती. मी काहीतरी समजुतीचे बोललो. ती म्हणाली, "काका, काय करायचं ते तुम्ही सांगितलं असतं, तर मी केलं असतं." त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. चार महिने खपून केलेले काम मी एका शब्दाने थांबवले होते आणि त्या शब्दाचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता. आजचे माझे बोलणे हे तिच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मित्रहो, तपासणीच्या यादीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या नव्या बॉम्बर विमानाची, मॉडेल २९९ ची, चाचणी चालू होती. विमान उडाले, वर चढले आणि कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने त्याची सुकाणूची फळी हलू नये म्हणून ती जखडून ठेवणारा एक खटका असतो. तो सोडायचा राहून गेला होता. वैमानिक अत्यंत अनुभवी होते. दोघांना प्राण गमवावे लागले. या विमानाला इतक्या गोष्टी आहेत की, त्या एका माणसाच्या लक्षात राहणे कठीण, हे ओळखून पुढे वैमानिकांसाठी लहानशा याद्या तयार करण्यात आल्या. तेच विमान नंतर बी-१७ या नावाने प्रसिद्धीस आले. निष्णात माणसाची स्मरणशक्तीही दगा देऊ शकते, हे यादी लिहिणाऱ्यांनी प्रथम मान्य केले. यादीचा जन्म या नम्रतेतून झाला आहे.

या विषयावर जगभर वाचले गेलेले पुस्तक एका मराठी घराण्यातील माणसाने लिहिले आहे, याचा आपल्याला विशेष आनंद वाटावा. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. आपल्यापैकी कित्येकांची मूळ घरे त्याच विदर्भात आहेत. डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची एक यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून हलवण्यापूर्वी, असे तिचे तीन थांबे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

परंतु येथे थांबलो, तर चित्र अर्धेच राहील. २०१४ मध्ये कॅनडाच्या आँटेरिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे अशा याद्या वापरणे सक्तीचे करण्यात आले होते आणि मृत्यू वा गुंतागुंत यांत म्हणावी अशी घट दिसली नाही. विमानांच्या बाबतीतही तसेच. १९८७ साली डेट्रॉइट येथे एक प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. पंखांच्या पट्ट्या उड्डाणासाठी बाहेर काढलेल्या नव्हत्या. त्या तपासण्याची यादी विमानात होती. ती वाचली गेली नव्हती. तात्पर्य, कागदावर यादी असणे आणि यादीने काम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यादी वाचणाऱ्याला ती आपली वाटली पाहिजे, आणि तिने त्याला नेमके काय करायचे ते सांगितले पाहिजे.

आता यंत्रमानव स्पर्धांकडे वळू. हे वेड परदेशातून आलेले आहे, असे काही पालक म्हणतात. एका अर्थाने ते खरे आहे. अमेरिकेत डीन कामेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये अठ्ठावीस संघांनिशी झाली. आशियातील महाविद्यालयांसाठी 'रोबोकॉन' ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. शालेय विद्यार्थ्यांची जागतिक रोबोट ऑलिम्पियाड २००४ पासून चालते. परंतु २००८ मध्ये हीच रोबोकॉन पुण्यात बालेवाडी येथे भरली, तेव्हा तिचे सूत्र होते 'गोविंदा'. निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या यंत्रमानवांनी दहीहंडीच्या खेळावर बेतलेले आव्हान पेलले. खेळ आपला असो वा परका, मुले तो आपला करून टाकतात. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून देशभर सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. म्हणजे हा प्रश्न आता मोजक्या श्रीमंत शाळांचा राहिलेला नाही. मुले अधिक, स्पर्धा अधिक. तपासनीस मात्र माझ्यासारखे ऐनवेळी बोलावलेले. म्हणून त्यांच्या हातातील कागद नेमका असणे अगत्याचे आहे.

चांगल्या स्पर्धांनी याचा बराच विचार केलेला आहे. 'फर्स्ट'च्या स्पर्धांत तपासणीची यादी आधीच जाहीर होते. प्रत्येक कलमापुढे मूळ नियमाचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे तपासनिसाचे मत आणि स्पर्धेचा नियम यांतील फरक विद्यार्थ्याला दाखवता येतो. त्याहून महत्त्वाची आहे ती भूमिका : यंत्रमानव बाद करणे हे तेथील तपासनिसाचे उद्दिष्ट नसते, तो नियमात बसावा यासाठी साहाय्य करणे, हे त्याचे काम मानले जाते. आपल्याकडे तपासनीस म्हटला की परीक्षेतील भरारी पथक डोळ्यांपुढे येते. त्या दिवशी माझ्याही डोक्यात तेच असावे.

त्या प्रसंगानंतर मी तो कागद घरी आणला आणि कित्येक संध्याकाळ त्यावर घालवल्या. या स्मृति नगरातील माझे दोन-तीन निवृत्त शेजारीही त्यात ओढले गेले. आम्हाला जे दोष आढळले, ते क्रमाने सांगतो.

पहिला दोष विशेषणांचा. घट्ट, नीट, पुरेसा, सुरक्षित, योग्य, सहज. ही सारी विशेषणे पाहणाऱ्याच्या मनात असतात, वस्तूत नसतात. यादीत विशेषणाऐवजी कृती असावी आणि कृतीनंतर काय दिसले पाहिजे ते असावे. 'तारा घट्ट आहेत का?' याऐवजी 'प्रत्येक जोड दोन बोटांनी हलका ओढा. तार जागच्या जागी राहिली पाहिजे', असे लिहिले की त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ओळीतच मिळते. ती तपासणी ती घरी बसूनही करू शकते.

दुसरा दोष नकाराचा. 'उघड्या तारा नाहीत ना?' या प्रश्नाला मराठीत काय उत्तर द्यावे? एक मूल म्हणते 'हो', म्हणजे 'हो, नाहीत'. दुसरे म्हणते 'नाही', म्हणजेही 'नाहीत'. आणि कागदावर चौकोनात बरोबरची खूण केली, तर ती कशाची? म्हणून प्रत्येक ओळ अशी असावी की, सर्व ठीक असेल तर उत्तर 'होय' यावे. 'प्रत्येक तारेचे टोक वेष्टनाने झाकलेले आहे' असे म्हणावे. मग खुणांनी भरलेला कागद दुरूनही समजतो आणि मोकळा चौकोन लगेच नजरेत येतो.

तिसरा दोष 'आणि' या शब्दाचा. 'बॅटरी पक्की बसवलेली आणि फ्यूज जोडलेला आहे.' बॅटरी पक्की आहे, फ्यूज नाही. आता खूण करायची की नाही? एका ओळीत एकच तपासणी. यादी लांबली तर लांबू द्यावी. ती टप्प्यांत विभागता येते.

चौथा दोष मोजमापाचा. जागतिक रोबोट ऑलिम्पियाडच्या एका प्रमुख प्रकारात सुरुवातीला यंत्रमानव २५० मिलिमीटर लांबी, रुंदी व उंचीच्या मर्यादेत बसावा लागतो. 'फर्स्ट टेक चॅलेंज'मध्ये हीच मर्यादा प्रत्येक बाजूस अठरा इंच असते. असा यंत्रमानव टेपने मोजला, तर दोन माणसे दोन आकडे सांगतात. टेप तिरपी धरली जाते, लोंबती तार कोणी मोजतो, कोणी मोजत नाही. कारखान्यात आपण अशा ठिकाणी काय करतो? गो–नो गो गेज वापरतो. भाग त्यात गेला तर चालतो, न गेला तर चालत नाही. आकडा वाचावाच लागत नाही. येथे सुताराकडून त्या मापाची आतून मोकळी पेटी करून घ्यावी. यंत्रमानव तारांसह आत बसला आणि झाकण चारही कडांवर टेकले की वाद संपला. 'फर्स्ट'च्या स्पर्धांतही अशी मापाची पेटी वापरतात. हीच पेटी शाळेत असेल, तर मुलाला स्पर्धेच्या महिनाभर आधीच निकाल कळतो.

पाचवा दोष क्रमाचा. माझ्या हातातील त्या कागदावर 'मोटार चालवून पाहा' ही ओळ 'बॅटरी तपासा' या ओळीच्या आधी होती. हा दोष केवळ गैरसोयीचा नाही, धोक्याचा आहे. आजकाल वापरात असलेली लिथियम पॉलिमर बॅटरी फुगलेली असेल, तिला मार बसला असेल, किंवा तिची टोके एकमेकांना टेकली, तर ती पेट घेऊ शकते. म्हणून वीज न जोडता जे काही पाहता येते ते सारे आधी, वीज जोडल्यानंतरचे नंतर, आणि चाके फिरवून पाहताना यंत्रमानव ठोकळ्यावर, चाके अधांतरी. शेजारी कोरड्या वाळूची बादली.

सहावा दोष आपल्या भाषेतला आहे आणि तो शोधताना आम्हा सर्वांना मौज वाटली. यादी मराठीत करताना मी उत्साहाने लिहिले, 'मुख्य स्विच बंद आहे.' शेजारी म्हणाले, थांबा. घरात 'दिवा बंद' म्हणजे वीज वाहत नाही. परंतु विज्ञानाच्या पुस्तकात 'बंद परिपथ' म्हणजे ज्यातून वीज वाहते तो! त्याच वर्गातील मूल दोन्ही अर्थ शिकलेले असते. म्हणून आम्ही 'बंद' हा शब्दच काढून टाकला आणि 'ऑन' व 'ऑफ' ठेवले, कारण स्विचवरही तेच असते. बॅटरी, फ्यूज, स्विच, मोटार हे शब्द मुलांच्या तोंडी रुळलेले आहेत; त्यांच्या जागी अवघड संस्कृत शब्द बसवणे म्हणजे इंग्रजीची अडचण काढून दुसरी निर्माण करणे. छपाईचाही विचार करावा लागला. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर अनुस्वार पुसले जातात, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार अंधूक होतात. म्हणून अक्षर मोठे, ओळींत अंतर भरपूर, आणि प्रत्येक वेळी मूळ प्रतीवरूनच छपाई.

या विचारांतून एक लहानशी यादी तयार झाली. ती पडद्यावर दाखवली होती. वाचकांसाठी येथे देत आहे.

भाग पहिला : बॅटरी जोडण्यापूर्वी

१. यंत्रमानव मापाच्या पेटीत ठेवला. झाकण चारही कडांवर टेकले.
२. यंत्रमानव वजनकाट्यावर ठेवला. आकडा नियमातील मर्यादेइतका किंवा त्याहून कमी आला.
३. बाहेरच्या कडांवरून जुने कापड फिरवले. कापड न अडकता फिरले.
४. बॅटरी सपाट टेबलावर ठेवली. तिच्या सर्व बाजू सपाट आहेत.
५. बॅटरीच्या लाल तारेवरील फ्यूज पाहिला. त्यावरचा आकडा नियमातील आकड्याशी जुळला.
६. प्रत्येक जोड दोन बोटांनी हलका ओढला. तार जागच्या जागी राहिली.

भाग दुसरा : बॅटरी जोडल्यानंतर, यंत्रमानव ठोकळ्यावर

७. मुख्य स्विच ऑन केला. दिवा लागला.
८. चाके सावकाश फिरवली. सर्व तारा चाकांपासून दूर राहिल्या.
९. चाके फिरत असताना लाल बटण दाबले. चाके थांबली.
१०. लाल बटण पूर्ववत केले. विद्यार्थ्याने पुन्हा सुरू करेपर्यंत चाके थांबलेली राहिली.
११. मुख्य स्विच ऑफ केला. दिवा विझला.

अकरा ओळी. प्रत्येक ओळीत आधी कृती, मग दिसणारा परिणाम. प्रत्येक ओळीपुढे नियमाचा क्रमांक आणि एक चौकोन. ही यादी परिपूर्ण आहे, असा माझा दावा नाही. प्रत्येक स्पर्धेचे नियम भिन्न असतात आणि त्यानुसार ओळी बदलतील. बदलू नये ती पद्धत.

यादीइतकीच ती वापरण्याची रीत महत्त्वाची आहे. संघातील एका विद्यार्थ्याने ओळ मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने ती कृती करून दाखवावी, तपासनिसाने पाहावे आणि खूण करावी. विमानात दोन वैमानिक असेच करतात. यामुळे तपासनिसाचा हात यंत्रमानवाला लागत नाही आणि काही तुटले तर कोणी तोडले, हा वाद उद्भवत नाही. चौकोन मोकळा राहिला, तर तपासनिसाने 'नापास' हा शब्द उच्चारू नये. 'दुरुस्तीनंतर पुन्हा दाखवा' असे लिहावे, कोणत्या ओळीसाठी आणि किती वाजेपर्यंत तेही लिहावे. फेरतपासणीत केवळ तीच ओळ पाहावी. दुसऱ्या तपासनिसाने नवी फुली शोधू नये. अपवाद एकच : जिवाला धोका दिसला तर कोणीही, केव्हाही थांबवू शकतो. शेवटी संघातील विद्यार्थ्याचीही सही घ्यावी, केवळ शिक्षकांची नव्हे. 'मी पाहिले आहे' असे लिहून देणे, हा संस्कारच आहे.

आणि यादीचीही परीक्षा घ्यावी. आम्ही एक सोपा प्रयोग केला. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच यंत्रमानव तपासायला दिला आणि नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले. जेथे खुणा जुळल्या नाहीत, तेथे माणसांना दोष न देता ओळ बदलली. आमची तिसरी ओळ अशीच बदलली. आधी तेथे 'टोकदार कडा' असे शब्द होते. एकाला जी कड टोकदार वाटली, ती दुसऱ्याला वाटली नाही. जुन्या कापडाची युक्ती शेजाऱ्यांच्या पत्नींनी सुचवली. स्पर्धा संपल्यावरही कोणत्या ओळीपाशी सर्वाधिक संघ अडले, ते मोजावे. बहुतेक संघ एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर चूक मुलांची नसून बहुधा आपल्या वाक्याची असते. कारखान्यातील रेखाचित्रावर जसा आवृत्तीचा क्रमांक व दिनांक असतो, तसा तो या कागदाच्या तळाशीही असावा. नाही तर विद्यार्थी गतवर्षीची यादी घेऊन तयारी करतो आणि तपासनीस यंदाची घेऊन बसतो.

आता भाषेचा प्रश्न. काही पालक मला म्हणाले, "साहेब, पुढे सगळे इंग्रजीतच आहे, यादी इंग्रजीत असली तर मुलांना सवय होईल." हा आक्षेप मी हलका मानत नाही. इंग्रजी आलेच पाहिजे. परंतु तपासणीचे टेबल ही इंग्रजीची परीक्षा नव्हे. तेथे सुरक्षितता पाहायची आहे आणि सर्वांना समान न्याय द्यायचा आहे. ज्या सूचनेवर जळणारी बॅटरी अवलंबून आहे, ती मुलाला पहिल्या वाचनातच कळली पाहिजे. म्हणून मराठी, हिंदी व इंग्रजी असे तीन स्तंभ एकाच कागदावर असावेत आणि ओळींचे क्रमांक तिन्हींत तेच असावेत. मूल मराठीत समजून घेईल आणि शेजारच्या स्तंभातील इंग्रजी वाक्य आपोआप शिकेल.

भिलाईला हे नवे नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी येथे सोव्हिएत तज्ज्ञ होते, त्यांचे दुभाषे होते आणि देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आलेले कामगार होते. रशियन यंत्रे तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी आणि मराठी बोलणाऱ्या हातांनी चालवली. सूचना समजली नाही, तर काय होऊ शकते, हे या शहराला कोणी शिकवायची गरज नाही. आणि सूचना समजली, तर खेड्यातून आलेला माणूसही झोतभट्टी चालवू शकतो, हेही या शहराने दाखवून दिले आहे. आपल्या शाळेने साठ वर्षे नेमके हेच केले : आधी समजू दिले, मग पुढे पाठवले.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी कारखान्यात आहे, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत. तुम्ही प्रत्येक जण रोज कुठली ना कुठली यादी वापरता आणि तिच्यातील खाचखळगे तुम्हाला ठाऊक आहेत. शाळेच्या विज्ञान कक्षात सध्या मुले यंत्रमानव करू लागली आहेत. महिन्यातून एका शनिवारी तासभर या. यंत्रमानव बनवता आला पाहिजे, अशी अट नाही. त्यांच्यासमोर तपासनीस म्हणून बसा, त्यांची यादी त्यांच्याकडून वाचून घ्या आणि जी ओळ तुम्हाला कळली नाही, तिच्याखाली रेघ मारा. पालकांनाही सांगतो : तुमचे मूल स्पर्धेतून हरून आले, तर 'किती गुण पडले' हे विचारण्यापूर्वी 'कोणत्या ओळीपाशी थांबवले' हे विचारा. कदाचित दुरुस्ती यंत्रमानवात नसेल, कागदात असेल. आणि कागद दुरुस्त करून आयोजकांना नम्रपणे पाठवणे, हेही अभियांत्रिकीच आहे.

मापाची एक लाकडी पेटी मी सुताराकडून करून आणली आहे. अडीचशे मिलिमीटरची, आतून. ती आज मुख्याध्यापिका बाईंच्या स्वाधीन करतो. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस यादीची प्रत चिकटवली आहे आणि तळाशी आवृत्ती पहिली असे लिहिले आहे. पुढच्या वर्षी ती प्रत जशीच्या तशी दिसली, तर मला वाईट वाटेल. तिच्यावर मुलांच्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, तर आनंद होईल.

ती मुलगी आज कुठे आहे, हे मला माहीत नाही. ती कधी हा अंक वाचेल, याचीही खात्री नाही. परंतु तिच्यासारखे दुसरे कोणी पुन्हा एखाद्या टेबलासमोर उभे राहील आणि विचारेल, 'काका, किती घट्ट?' तेव्हा समोरच्या माणसाला कागदावर बोट ठेवून उत्तर देता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.